शब्दकोड्यातील चित्रपट, साहित्य आणि खेळ: उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा

प्रश्न असा आहे: “शब्दकोड्यातले समानार्थी शब्द मला चटकन सुटतात, पण ‘सुवर्णकमळ मिळालेला मराठी चित्रपट’, ‘टोपणनावाने लिहिणारा कवी’ किंवा ‘ऑलिम्पिक पदकविजेता’ असे काही आले की हात थांबतो. त्यासाठी याद्या पाठ कराव्यात का? शिवाय यंदा आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मलाच कोडे रचायचे आहे. त्यात अशी शोधसूत्रे किती घ्यावीत आणि ती कशी लिहावीत?”

मी गेली २२ वर्षे एका रविवार पुरवणीसाठी शब्दकोडी रचते आहे आणि त्याआधीची कित्येक वर्षे ती नेमाने सोडवत आले आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत. सोडवणाऱ्याने याद्या पाठ करण्याची काहीही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माहितीवरचे शोधसूत्र नीट लिहिलेले असेल, तर त्याच्या उत्तराकडे दोन वाटा जातात. एक वाट माहितीची. ज्याला ठाऊक आहे तो त्या वाटेने थेट पोचतो. दुसरी वाट भाषेची आणि घरांची. ज्याला ठाऊक नाही तोही अक्षरसंख्या, छेदणारे शब्द आणि खुद्द नावाचा अर्थ यांच्या आधाराने उशिरा का होईना, पण खात्रीने पोचतो. ज्या शोधसूत्राला ही दुसरी वाटच नाही ते अपुरे आहे, आणि तिथे तुमचा हात थांबला तर उणीव रचणाऱ्याची आहे, तुमची नव्हे.

शब्दकोड्याचा जन्म न्यूयॉर्कमधला. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात छापून आले. (त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता, चित्रपट आणि कोडी या दोन्हींवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारखीला हा योगायोग फार मोलाचा वाटतो.) अमेरिकी पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक घरातून एक आडवा आणि एक उभा असे दोन शब्द जातात. त्यामुळे एखाद्या बेसबॉलपटूचे नाव कधी ऐकले नसले तरी त्याला छेदणारे सगळे शब्द सोडवले की ते नाव आपोआप भरले जाते. आपल्या वृत्तपत्रांतल्या चौकटीत काळी घरे बरीच असतात, आणि पाच अक्षरांच्या शब्दाला छेद मिळतो तो दोन किंवा तीन घरांत. म्हणजे मराठी कोड्यात अनोळखी नावाला आधार कमी मिळतो आणि रचणाऱ्याची जबाबदारी तितकीच वाढते.

मात्र हे नुकसान मराठी भाषा दुसऱ्या बाजूने भरून काढते. इंग्रजी कोड्याच्या एका घरात २६ पैकी एक चिन्ह बसते. आपल्या एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसकट पूर्ण अक्षर बसते आणि जोडाक्षरही एकाच घरात बसते. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरे होतात; जोडाक्षरांची मोजदाद तर वेगळीच. म्हणून मराठीत एक घर भरले गेले की ते एका घरापेक्षा पुष्कळ जास्त सांगून जाते. पाच घरांच्या टोपणनावात चौथ्या घरी ‘ग्र’ आला, तर वाचन बेताचे असलेल्या माणसालाही उत्तर सुचायला लागते. तुम्ही याद्या पाठ करण्याऐवजी घरे वाचायची सवय लावून घ्यावी असे मी म्हणते, ते याच कारणाने.

तुम्ही दिलेलेच उदाहरण घेऊन बघू. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवलेले मराठी चित्रपट हे लिहीपर्यंत पाच झाले आहेत. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि पुढे ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ व ‘कासव’ यांना सुवर्णकमळ. आता घरे मोजा. ‘श्यामची आई’ पाच घरांचा. ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ दोन-दोन घरांचे. ‘देऊळ’ आणि ‘कासव’ तीन-तीन घरांचे. समजा, तीन घरांचे आडवे उत्तर हवे आहे. तुम्हाला पाचही नावे ठाऊक आहेत, तरी निर्णय होत नाही. अशा वेळी शेवटच्या घराकडे पाहावे. त्या घरात आकडा छापलेला असेल आणि तिथून खाली उभा शब्द सुरू होत असेल, तर ‘देऊळ’ बाद होते, कारण मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. ‘व’ने मात्र शेकडो शब्द सुरू होतात, तेव्हा खुशाल ‘कासव’ लिहावे. ‘ण’चेही तसेच आहे; ‘णमोकार’सारखा एखादा अपवाद सोडला तर ‘ण’ने शब्द सुरू होत नाही. एकही छेदणारा शब्द न सोडवता, केवळ चौकट पाहून मिळालेले हे ज्ञान आहे. नेमाने कोडी सोडवणारी माणसे हे नकळत करत असतात, आणि इतरांना मात्र त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे असे वाटते.

टोपणनावांवर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण मराठी कोड्यांना टोपणनावांसारखी दुसरी खाण नाही. आपल्या कवींनी घेतलेली नावे बहुधा अर्थपूर्ण आहेत, आणि तो अर्थ हीच त्यांची दुसरी वाट आहे. ‘कुसुमाग्रज’ म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ, ‘गोविंदाग्रज’ म्हणजे गोविंदचा थोरला भाऊ, ‘केशवसुत’ म्हणजे केशवचा मुलगा. आता एक शोधसूत्र पाहा (कंसातला आकडा घरांचा): ‘टोपणनावाने कविता लिहिणारा नाटककार (५)’. वरवर पाहता हे ठीक वाटते. पण वि. वा. शिरवाडकर आणि राम गणेश गडकरी या दोघांनीही नाटके स्वतःच्या नावाने व कविता टोपणनावाने लिहिल्या, आणि कु-सु-मा-ग्र-ज व गो-विं-दा-ग्र-ज ही दोन्ही नावे पाचच घरांची आहेत. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही नावांची चौथी आणि पाचवी घरे सारखीच आहेत. रचणाऱ्याने छेद नेमके त्याच दोन घरांत दिले असतील, तर सोडवणाऱ्याने चौकट पूर्ण भरली तरी उत्तर ठरत नाही. हेच शोधसूत्र ‘कुसुम जिची धाकटी बहीण, तो ज्ञानपीठविजेता कवी’ अशा गोंधळलेल्या वाक्यात न लिहिता ‘फुलाचा थोरला भाऊ शोभणारा कवी (५)’ असे लिहिले आणि पहिल्या तीन घरांपैकी एका घरात छेद दिला, तर त्याच्यात कसलीही शंका उरत नाही. शिरवाडकरांची एकही ओळ न वाचलेल्या, पण ‘कुसुम’ आणि ‘अग्रज’ हे दोन शब्द ठाऊक असलेल्या शाळकरी मुलीलाही ते सुटते, आणि तिला एक कवी नव्याने भेटतो.

केशवपुत्रांची जोडीही अशीच आहे. कृष्णाजी केशव दामले झाले ‘केशवसुत’ आणि प्रल्हाद केशव अत्रे झाले ‘केशवकुमार’. दोन्हींची पहिली तीन घरे एकच, पण एक पाच घरांचा आणि दुसरा सहा घरांचा. त्यामुळे ‘केशवचा मुलगा असलेला कवी’ हे शोधसूत्र आकड्यासकट दिले तर निर्दोष ठरते. ‘आनंदघन’ हे नाव मला विशेष प्रिय आहे. लता मंगेशकर यांनी संगीतकार म्हणून ते घेतले होते. ‘सुखाने भरलेला मेघ, लताबाईंचे दुसरे नाव (५)’ एवढे लिहिले की ज्याला चित्रपटसंगीत ठाऊक आहे तो उत्तरार्धातून येतो आणि ज्याला भाषा ठाऊक आहे तो पूर्वार्धातून. याउलट ‘ग्रेस’ किंवा ‘आरती प्रभू’ या नावांना अर्थाची वाट सहज सापडत नाही. माणिक गोडघाटे आणि चिं. त्र्यं. खानोलकर ही मूळ नावे देऊन टोपणनाव विचारणे एवढाच मार्ग उरतो, आणि तेव्हा छेद मात्र उदारपणे द्यावे लागतात.

साहित्यातल्या पात्रांबद्दल मी एक कसोटी लावते. पात्र पुस्तकातून बाहेर पडून लोकांच्या बोलण्यात आले असेल, तरच मी ते घेते. अंतू बर्वा, सखाराम गटणे आणि गणपतराव बेलवलकर यांची नावे ज्यांनी ती पुस्तके उघडलेली नाहीत त्यांच्याही तोंडी असतात. जी पात्रे एवढी दूर आलेली नाहीत, त्यांच्या नावात काही आधार आहे का ते पाहावे. ‘कोसला’चा नायक सांगवीकर, त्याचे नाव हवे असेल तर ‘विठोबाचे नाव मिळालेला ‘कोसला’चा नायक (४)’ असे लिहिता येते. नेमाडे न वाचलेला वारकरीही तिथे ‘पांडुरंग’ लिहू शकतो.

अभंग आणि ओव्या यांतला गाळलेला शब्द हा प्रकार अनेक जण कमी प्रतीचा मानतात. मला तो अत्यंत न्याय्य वाटतो. अभंगाच्या मोठ्या प्रकारात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. आणि छंद जसा अक्षर मोजतो तसेच कोडेही मोजते, म्हणजे जोडाक्षराला एकच घर. ‘सुंदर ते –’ एवढेच दिले तर सहातून चार वजा जाऊन दोन घरे उरतात आणि तिथे ‘ध्यान’ नेमके बसते. तुकोबांनी मोजलेली अक्षरे आणि आपण आखलेली घरे एकाच मापाची असावीत, याचे मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटते.

आता खेळ. इथे सोडवणाऱ्याला भाषेने दिलेली एक मोठी सवलत म्हणजे आडनावांतला ‘कर’. महाराष्ट्रातला क्रिकेटपटू हवा आहे आणि घरे पाच आहेत, तर शेवटच्या दोन घरांत पेन्सिलीने ‘क’ आणि ‘र’ लिहून टाकायला हरकत नाही. तेंडुलकर, गावसकर, मांजरेकर हे तिघेही पाच घरांचे. पण तिसऱ्या घरात अनुक्रमे ‘ल’, ‘स’ आणि ‘रे’ येतात, त्यामुळे एका छेदात निकाल लागतो. वेंगसरकर सहा घरांचे आणि वाडेकर चार. फक्त गावसकर यांच्या बाबतीत एक अडचण आहे. काही जण ते नाव ‘गावस्कर’ असे लिहितात, आणि मग पाचाची चार घरे होतात. सूत्रापुढे घरांचा आकडा छापलेला असला की कुठले लेखन धरले आहे ते कळते. आकडा नसेल तर चौकटीतली घरे मोजूनच ठरवावे.

नावाच्या लेखनाचा हा प्रश्न परदेशी नावांत फारच वाढतो. ‘हेलसिंकी’ लिहिले तर चार घरे, ‘हेल्सिंकी’ लिहिले तर तीन. ‘विंबल्डन’ आणि ‘विम्बल्डन’ दोन्ही चार घरांचे, पण पहिली दोन घरे निराळी. ‘लॉर्ड्स’ची दोनच घरे होतात आणि दुसऱ्या घरातल्या ‘र्ड्स’ला छेदणारा मराठी शब्द सापडत नाही. म्हणून परदेशी नाव घेताना ज्या घरांबद्दल दोन मते असू शकतात त्या घरांत छेद द्यायचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळते. मराठी नावांतही हे भान ठेवावे लागते. वि. स. खांडेकर यांच्या कादंबरीचे नाव ‘ययाति’ असे ऱ्हस्व छापलेले आहे, तर मराठी शुद्धलेखनाच्या सवयीने सोडवणारा शेवटी ‘ती’ लिहितो. शेवटच्या घरातून उभा शब्द ‘तीर्थ’ नेला किंवा ‘तिरपा’ नेला, तरी कुणाला तरी तो चुकीचाच वाटणार. अशा वेळी मधल्या ‘या’मधून शब्द न्यावा आणि वाद मिटवावा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कोड्यात पाळू नये असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. वेलांटी बदलली की घर बदलते, आणि घर बदलले की दुसऱ्या शब्दावर अन्याय होतो.

खेळांच्या शोधसूत्रांतला खरा धोका मात्र वेगळा आहे. ती शिळी होतात. माझ्या हातून घडलेली एक चूक इथे सांगितली पाहिजे. माझ्या जुन्या वहीत एक शोधसूत्र होते: ‘वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा खेळाडू (३)’. उत्तर अर्थातच ‘खाशाबा’. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर सात दशके या वाक्याला दुसरे उत्तर नव्हते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्याच वर्षाच्या अखेरीस मी ते जुने सूत्र, एकही शब्द न बदलता, छापायला दिले. खा-शा-बा तीन घरे, स्व-प्नि-ल तीन घरे. छेद होता तो केवळ शेवटच्या घरात. कोल्हापूरच्या एका वाचकाने चौकटीचे कात्रण पाठवले. त्यात ‘स्वप्निल’ ठळक शाईने लिहिलेले होते आणि त्याच्या ‘ल’मुळे खालचा उभा शब्द चार वेळा खोडून कागद विरलेला होता. त्याचे उत्तर माझ्या शोधसूत्रात पूर्णपणे बसत होते. पुढच्या आठवड्यात मी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरल्याचे छापले आणि वहीतली सगळी सूत्रे पुन्हा तपासायला घेतली. त्याला तीन आठवडे लागले.

त्या तपासणीतून जे दिसले ते रचणाऱ्याच्या फार उपयोगाचे आहे. ‘सर्वाधिक’, ‘एकमेव’ आणि ‘आतापर्यंत’ यांवर उभी असलेली सूत्रे केव्हाही कोसळतात. ‘एकदिवसीय सामन्यांत सर्वाधिक शतके’ याचे उत्तर वर्षानुवर्षे तेंडुलकर होते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर विराट कोहली यांनी पन्नासावे शतक केले आणि ते बदलले. याउलट ठरावीक दिवशी, ठरावीक मैदानावर घडून गेलेली गोष्ट कधीच शिळी होत नाही. ‘१९६४ च्या मद्रास कसोटीत सलग २१ निर्धाव षटके टाकणारा (४)’ याचे उत्तर आणखी शंभर वर्षांनीही ‘नाडकर्णी’च राहील. ‘पहिला’ हा शब्दही टिकाऊ आहे, पण त्याची हद्द नीट आखावी लागते. ‘ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा पहिला भारतीय’ असे लिहिले की नॉर्मन प्रिचर्ड आणि त्यांची १९०० सालची दोन रौप्यपदके समोर येतात. ‘स्वतंत्र भारताचा’ हे दोन शब्द घातले की खाशाबांखेरीज कुणी उरत नाही. ‘ऑलिम्पिक’ आणि ‘पॅरालिम्पिक’ यांतही सरमिसळ करू नये. मुरलीकांत पेटकर यांचे १९७२ चे जलतरणातले सुवर्णपदक पॅरालिम्पिकमधले आहे, आणि ते तसेच, पूर्ण मानाने लिहिले पाहिजे.

एका शोधसूत्राला दोन उत्तरे असू नयेत याचा मी एवढा आग्रह धरते, याला आपल्याकडचा इतिहासही कारण आहे. एके काळी मोठमोठ्या बक्षिसांच्या शब्दकोडे स्पर्धा देशभर चालत. त्यांतल्या अनेकांत सूत्र मुद्दाम असे लिहिलेले असे की दोन शब्द सारखेच शोभावेत, आणि बरोबर कोणता हे आयोजकांच्या मोहोरबंद पाकिटातल्या उत्तरावरून ठरे. लोक प्रवेशशुल्क भरून पर्यायी उत्तरांचे ढीग पाठवत. मुंबई राज्याने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. केंद्राच्या १९५५ च्या कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून जास्त बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना बंदी घातली आणि प्रवेशिकांची मर्यादा दोन हजारांवर आणली. या कायद्याला आव्हान देणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५७ मध्ये न्यायालयाने कौशल्यावर न चालणाऱ्या अशा स्पर्धा जुगारातच मोडतात, असे ठरवले. बक्षीस असो वा नसो, सोडवणाऱ्याला ‘हे की ते’ असा कौल लावायला लावणारे सूत्र मला त्या पाकिटाच्याच जातीचे वाटते.

आता रचण्याविषयी. माहितीच्या सूत्राला दुसरी वाट देण्याचा सगळ्यात सुंदर मार्ग म्हणजे शब्दाचा रोजचा अर्थ आणि त्याची प्रसिद्धी एकाच वाक्यात आणणे. ‘मैदानात रंगतो, पडद्यावरही गाजला (३)’: सामना. ‘सशाशी शर्यत जिंकणारे, सुवर्णकमळही जिंकणारे (३)’: कासव. ‘वैद्याचे चूर्ण, गोलंदाजाचा आनंद (३)’: त्रिफळा. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांच्या मराठी समालोचनाने क्रिकेटला अस्सल घरगुती शब्द दिले, म्हणून असे सूत्र आपल्याला लिहिता येते. कबड्डी तर या बाबतीत फार श्रीमंत आहे: ‘प्रतिस्पर्ध्यावर चढते, गावभर पसरते (२)’ म्हणजे लोण, आणि ‘कबड्डीपटूची मजबूत, वायरमनच्या पिशवीतली लोखंडी (३)’ म्हणजे पकड. आडनावेही असेच काम करतात. ‘एकाने ‘घाशीराम कोतवाल’ लिहिले, दुसऱ्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांत १०० शतके ठोकली (५)’ या एका ओळीत नाटकाचा प्रेक्षक आणि क्रिकेटचा प्रेक्षक दोन बाजूंनी येऊन ‘तेंडुलकर’पाशी भेटतात.

शब्द निवडतानाच या दृष्टीने पाहावे. ‘सैराट’ आणि ‘फँड्री’ हे दोन्ही नागराज मंजुळे यांचे चित्रपट. ‘सैराट’ला स्वतःचा मराठी अर्थ आहे, आणि त्याची तिन्ही घरे छेदायला सोपी आहेत. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द. बहुसंख्य सोडवणाऱ्यांना तो अर्थ अपरिचित, आणि ‘फँ’ व ‘ड्री’ ही दोन्ही घरे चौकटीत एकाकी पडतात. चित्रपट म्हणून माझे मन ‘फँड्री’कडे जाते, पण कोड्यात मी ‘सैराट’ घेते. त्याचप्रमाणे सध्या चालू असलेल्या मालिकांतली पात्रे मी टाळते. दिवाळी अंक घरात वर्षानुवर्षे राहतो; तीन वर्षांनी कुणी तो उघडला, तर त्या पात्राचे नाव कुणालाच आठवणार नाही.

प्रमाणाचे म्हणाल, तर तीसेक शब्दांच्या चौकटीत माहितीवरची सूत्रे आठ-नऊच्या पुढे नेऊ नका. चौकट आखताना आधी ही नावे बसवा आणि मग त्यांच्याभोवती साधे शब्द विणा. उलट केले तर शेवटी उरलेल्या घरांत कुणीतरी अपरिचित खेळाडू कोंबावा लागतो. दोन माहितीची नावे एकमेकांना छेदू देऊ नका. ज्या घरात ती भेटतात ते घर दोन्हीकडून अंधारात राहते, आणि तिथे सोडवणाऱ्याला काहीही करता येत नाही. नावाला छेद द्यायचा तो त्याच्या सर्वांत बोलक्या घरात: ‘नटसम्राट’ असेल तर ‘म्रा’मधून ‘साम्राज्य’ न्या, म्हणजे एक शब्द सुटला की दुसरा उजळतो. ‘स्वप्निल’ घ्यायचा असेल तर ‘प्नि’ला हात लावू नका, पहिल्या ‘स्व’मधून ‘स्वर’ किंवा ‘स्वभाव’ खाली सोडा. विषयांत आणि काळांतही मिश्रण हवे. मंडळाच्या अंकात आजी आणि नात एकाच पानावर वाकलेल्या असतात. प्रभातचा ‘संत तुकाराम’ आणि बुद्धिबळपटू दिव्या देशमुख ही दोन्ही नावे एका चौकटीत असली, तर पेन्सिल एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

माहिती पडताळताना मी लेखकांसाठी मराठी विश्वकोश उघडते, चित्रपटाच्या नावाचे लेखन श्रेयनामावलीत किंवा पोस्टरवर पाहते, आणि स्मरणावर एकही वर्ष लिहीत नाही. कोडे तयार झाले की ते दोन जणांना द्या: एक साठीच्या पुढचे आणि एक विशीतले. त्यांना मदत करू नका, नुसते शेजारी बसा. कोणत्या घरात खोडरबर सर्वांत जास्त फिरते ते पाहा. जिथे दोघेही अडतात ते सूत्र पुन्हा लिहा, आणि जिथे एकच अडतो ते तसेच राहू द्या, कारण तिथे दुसऱ्याने पहिल्याला काही सांगण्यासारखे असते. उत्तरे छापताना नुसती भरलेली चौकट देऊ नका. प्रत्येक माहितीच्या नावापुढे अर्धी ओळ खुलासा द्या, म्हणजे ज्याने ‘आनंदघन’ केवळ अर्थावरून लिहिले त्याला ते नाव कुणाचे हेही कळेल. आणि एक शेवटची काळजी: दिवाळी अंकाचा मजकूर छपाईला बराच आधी जातो, आणि मधल्या काळात सामने, स्पर्धा व पुरस्कार चालूच असतात. म्हणून मुद्रिते अखेरची तपासायला येतील त्या दिवशी ‘सर्वाधिक’ आणि ‘एकमेव’ हे शब्द ज्या सूत्रांत आहेत त्यांच्यावर लाल खूण करून ती पुन्हा एकदा पडताळा. शंका आली तर ते सूत्र काढून त्या जागी घडून गेलेल्या एखाद्या दिवसाचे सूत्र घाला.